सोयाबीनचा 'एस' आणि सुन्न करायची क्रीम

आधी हाताचं सांगतो, मग क्रीमचं.

२००६ साली मी अठरा वर्षांचा होतो आणि दोन मित्रांसोबत माळेगावच्या जत्रेला गेलो होतो. खंडोबाचं दर्शन झालं, घोडे-गाढवं बघून झाली, भजी खाऊन झाली आणि मग तिघांनाही एकदम शहाणपण सुचलं. बॅटरीवर चालणारं मशीन घेऊन एक गोंदणवाला पोत्यावर बसला होता. त्यानं माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, एक बदाम काढला, बदामातून बाण आरपार नेला आणि मधोमध इंग्रजी 'एस' ठोकला. सुई तीच, जी माझ्या आधीच्या माणसाला लावली होती. शाईचं टोपण तेच. आज आठवलं की अंगावर काटा येतो, तेव्हा नुसतं दुखलं होतं. 'एस' कुणाचा ते इथं सांगत नाही. बायकोचं नाव 'व'वरून आहे एवढं सांगतो.

लग्नात विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, शेतकऱ्याचा 'एस'. पुढं औशाला कृषी सेवा केंद्र टाकलं, तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगायला लागलो, सोयाबीनचा 'एस'. लातूर जिल्ह्यात हे कारण कुणालाही पटतं. बारा वर्षं खपलं. मग पोरगी तिसरीत गेली. एक दिवस दुकानात पाच-सहा शेतकरी चहा पीत बसलेले असताना तिनं माझा हात धरून विचारलं, "पप्पा, सोयाबीनला बदाम कशाला?"

त्याच आठवड्यात लातूरला जाऊन गोंदण पुसायच्या लेझरची चौकशी केली.

आता मी सुईला भिणारा माणूस. डॉक्टर बैलाला टोचायला आले की मी वैरण आणायच्या निमित्तानं गोठ्याबाहेर जातो. त्यामुळं त्वचारोगाच्या मॅडमना मी पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नाही, दुखण्याचा. त्या म्हणाल्या, "रबरबँड ताणून कातडीवर सोडल्यासारखं लागतं."

"किती रबरबँड?"

मॅडम हसल्या आणि चिठ्ठीवर क्रीमचं नाव लिहून दिलं. हा अनुभव त्या क्रीमचा. मध्येच दुसऱ्या एका ट्यूबनं माझी कशी जिरवली तेही येईल.

चिठ्ठीवरची क्रीम म्हणजे लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के. मेडिकलवर प्रायलॉक्स या नावानं मिळाली, याच घटकांची दुसऱ्या नावांचीही मिळते. पांढरी, वास जवळजवळ नाही, हाताला गार लागते. मी बीएस्सी ॲग्री, परभणीच्या विद्यापीठाखालच्या लातूरच्या कॉलेजातून. आमच्या धंद्यात डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मग बोलायचं. म्हणून घरी येऊन या क्रीमबद्दल जे सापडलं ते वाचलं आणि खरं सांगतो, मजा वाटली.

लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही दोन्ही औषधं शुद्ध रूपात, साध्या तापमानाला, घट्ट खड्यासारखी असतात. पण दोन्ही समसमान मिसळली की त्यांचा वितळायचा बिंदू खाली येतो, पार १८ अंशांच्या आसपास, आणि त्यांचं तेल होतं. हे तेल पाण्यात घोटून क्रीम केली की औषध चांगल्या कातडीतूनही आत उतरतं. एरवी सुईशिवाय आत न जाणारी औषधं ही. शेतकरी दोन औषधं एका पंपात ओततात तेव्हा कितीदा तरी ते फाटतं, दही होतं आणि डबा घेऊन माणूस माझ्याकडं भांडायला येतो. इथं मात्र एकत्र केल्यानंच काम होतं. स्वीडनमधली कल्पना आहे. लिग्नोकेनही तिथलंच, १९४३ साली निल्स लोफग्रेन या रसायनशास्त्रज्ञानं तयार केलेलं.

आणि ते काम कसं करतं, ते वाचून मी दुकानात एकटाच हसलो. मज्जातंतूला सोडियमची बारीक दारं असतात. ती उघडली की दुखण्याचा निरोप पुढं सरकतो. लिग्नोकेन ती दारं बंद धरून ठेवतं, निरोपच जात नाही. आता सायपरमेथ्रिन, ज्याच्या बाटल्या माझ्या मागच्या फळीवर ओळीनं लावलेल्यात, ते अळीच्या मज्जातंतूतली हीच सोडियमची दारं उघडीच धरून ठेवतं. अळी तडफडून मरते. दार तेच. एकजण कडी लावतो, दुसरा पाचर मारतो. म्हणजे जे औषध कातडीवर लावून मी निर्धास्त बसणार होतो, ते शेवटी मज्जातंतूवर चालणारं औषध. ही गोष्ट मी तेव्हाच नीट डोक्यात ठेवायला हवी होती.

पहिली खेप जानेवारीत, संक्रांत झाल्यावर. मी क्रीम कशी लावली? बोरोलीन लावतात तशी. वाटाण्याएवढी घेतली, चोळून चोळून जिरवली, वर काही झाकलं नाही आणि वीस मिनिटांत मॅडमपुढं जाऊन बसलो. मॅडमनी बघितलं, "एवढीच लावली?" मी म्हणालो, "दुखत नाही आता, चालू करा." चिमटा घेऊन बघितला होता ना मी. चिमट्याला कातडी बधिर वाटते, लेझरला नाही.

पहिल्या फटक्याला माझा पाय टेबलाखालच्या बादलीला लागला. चट, चट, चट असा आवाज. गरम तेलाचा शिंतोडा उडतो ना फोडणीत, तसा, आणि एकाच जागी ओळीनं. डोळ्यावर काळा चष्मा असतो, त्यामुळं कुठं बसतोय ते दिसत पण नाही. बाणाचं टोक झालं, बदामाचा अर्धा काठ झाला आणि मी हात वर केला. मॅडम म्हणाल्या, थोडं राहिलंय, आणि थांबल्या. चष्मा काढून बघितलं तर गोंदणाच्या रेघा पांढऱ्याफटक, खडूनं काढल्यासारख्या. मी घाबरलो. त्यांनी सांगितलं, शाईचे कण तापून फुटतात तेव्हा कातडीत वायूचे बारीक बुडबुडे होतात, पंधरा-वीस मिनिटांत जातात. गेले.

म्हणजे पहिल्या खेपेला क्रीमला मी पाचापैकी एक मार्क दिला असता. दोष कुणाचा? डबा न वाचता फवारणी करून "औषध लागू पडलं नाही" म्हणत येणाऱ्या माणसाला मी जे ऐकवतो, ते मला कुणी ऐकवलं नाही एवढंच.

आता दुसरी खेप. ही लांबण लावून सांगणार आहे, कारण हे सगळं लिहायला बसलो ते हिच्यासाठीच.

माझा भाचा संभाजीनगरला शिकायला आहे. त्यानं मागच्या वर्षी हातावर राजमुद्रा काढून घेतली. चार तास बसला होता. त्याच्याकडं एक सोनेरी ट्यूब होती, ऑनलाइन मागवलेली. "मामा, तुमची ती मेडिकलची क्रीम म्हणजे पाणी. ही लावा. हात आहे का नाही ते पण कळत नाही." ट्यूबवर मोठ्या अक्षरात चाळीस टक्क्यांच्या घरातला आकडा. मी पाच टक्क्यांत रडलेला माणूस, मला हा आकडा बघूनच बरं वाटलं.

माझ्या दुकानात रोज एक तरी शेतकरी येतो आणि म्हणतो, "जरा जहाल औषध द्या." मी त्याला डब्यावरचा त्रिकोण दाखवतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सांगतो, बाबा, जहाल म्हणजे चांगलं नाही, मात्रा बरोबर असणं म्हणजे चांगलं. बिल घे, बॅच नंबर बघ, कंपनीचा पत्ता बघ, लायसन्स नंबर बघ. हे मी बारा वर्षं बोलायलोय. आणि त्या सोनेरी ट्यूबवर ना बॅच नंबर, ना कुणी बनवली त्याचा धड पत्ता, ना लायसन्स. आत काय आहे, याची नुसती जाहिरात. असा डबा कुणी माझ्या दुकानात आणून ठेवला असता तर मी दारातून परत पाठवला असता. हातावर मात्र लावला.

मार्चचा शेवटचा आठवडा. औशाहून लातूर वीसेक किलोमीटर. घरूनच लावून निघालो, म्हणजे पोचेपर्यंत तासभर होईल असा हिशेब. मागच्या वेळची चूक सुधारायची म्हणून या वेळी हात राखून लावली नाही. मनगटापासून कोपरापर्यंत, सगळीकडून. गोंदण चार बोटांचं, क्रीम हातभर. वर बायकोच्या चपात्या गुंडाळायच्या प्लास्टिकचे चार वेढे. वर फुल बाहीचा शर्ट. वर ऊन. मोटारसायकलवर बसलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि रस्त्यावरून वाफ निघायली होती.

शिवाजी चौकापर्यंत काही नाही. गंजगोलाईत एका कंपनीच्या डीलरकडं काम होतं, तिथं तासभर गेला. म्हणजे लावून दोन तास झालेच. तिथं त्यानं चहा दिला. ग्लास हाताला गरम लागलाच नाही. मला गंमत वाटली, त्याला दाखवलं पण. मग चहाची चव विचित्र लागली, तांब्याचं भांडं चाटल्यासारखी. ओठांभोवती मुंग्या. दवाखान्यात पोचलो आणि कानात कुठंतरी लांब बोअरची मोटार चालू असल्यासारखा आवाज सुरू झाला. रिसेप्शनवरची पोरगी काहीतरी विचारायली होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. मी भिंतीला हात टेकवला, तोच हात, आणि भिंत लागली नाही.

मॅडमनी बाही वर केली, प्लास्टिक बघितलं आणि त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. लेझर राहिलं बाजूला. सिस्टरनी क्रीम आधी कोरड्या गॉजनं पुसली, मग साबणाच्या पाण्यानं तीन वेळा धुतली. आडवं केलं, बीपी, नाडी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. दोन-अडीच तास तिथंच. डोकं हळूहळू जाग्यावर आलं. मॅडम मध्येच येऊन ओठांचा आणि नखांचा रंग बघून जात होत्या.

का ते मी नंतर विचारलं. प्रिलोकेन जास्त झालं तर रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, ते ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही, माणूस निळसर पडतो, रक्त चॉकलेटी दिसतं. त्या ट्यूबमध्ये काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून सगळंच बघत होत्या. मी उठून बसलो. म्हटलं, मॅडम, हे मला माहीत आहे. जास्त नायट्रेट असलेल्या बोअरच्या पाण्यात दूध कालवून पाजलं की तान्ही लेकरं निळी पडतात, तेच ना? त्या म्हणाल्या, तेच, बिघाड तोच. युरियाची गोणी विकताना मी लोकांना हे सांगतो. स्वतःच्या ओठावर आल्यावर ओळखता आलं नाही. माझ्या बाबतीत मात्र तिथवर गेलं नव्हतं. कानातला आवाज, धातूची चव, ओठांच्या मुंग्या ही लिग्नोकेन रक्तात जास्त चढल्याची सुरुवातीची खूण. त्याच्या पुढची पायरी झटके, आणि त्याच्या पुढची हृदय.

त्या दिवशी मॅडमनी मोबाइलवर मला वाचायला दिलं. अमेरिकेत लेझरनं पायाचे केस काढायच्या आधी दोन तरुण पोरींनी, एक बावीस वर्षांची आणि एक पंचवीस, अशीच जहाल क्रीम पायाला लावून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. झटके आले, कोमात गेल्या, वारल्या. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २००७ साली त्यावर इशारा दिला. आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा सहा कंपन्यांना पत्रं पाठवली. टॅटू, लेझर, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचायचा उपचार) यांच्या आधी लावायला म्हणून चिठ्ठीशिवाय विकायच्या ज्या क्रीम आहेत, त्यात लिग्नोकेन चार टक्क्यांच्या वर असलं तर वापरूच नका. जास्त जागेवर थापू नका, सोललेल्या कातडीवर लावू नका, वर प्लास्टिक गुंडाळू नका. मी या चारपैकी तीन गोष्टी एका सकाळी केल्या होत्या.

आता कुणी विचारेल, तुझी चिठ्ठीची क्रीम २.५ अधिक २.५, म्हणजे पाच टक्के, आणि तिच्यावर तर डॉक्टरच चिकटपट्टी लावायला सांगतात, मग? मी पण हेच विचारलं. उत्तर आमच्याच धंद्यातलं आहे. झाकलं की औषध जास्त उतरतं, म्हणून झाकायचं असेल तर मात्रा, जागा आणि वेळ, तिन्ही आधी ठरलेली पाहिजेत आणि ती ठरवणारा माणूस तिथं पाहिजे. दहा चौरस सेंटिमीटरला एक ते दोन ग्रॅम. माझं गोंदण सहा बाय चार, म्हणजे चोवीस चौरस सेंटिमीटर. तीन-चार ग्रॅममध्ये काम होतं. एक ग्रॅम म्हणजे ट्यूबमधून दीडेक इंच पिळलेली पट्टी. पाच ग्रॅमची छोटी ट्यूब एका खेपेला पुरून उरते. मी त्या दिवशी किती लावली होती? ट्यूब निम्मी झाली होती आणि आतला आकडा खरा की खोटा तो देवाला ठाऊक.

भाच्याला फोन केला. तो आधी ऐकेना. "मामा, मला तर काहीच झालं नाही." मग जरा खोदून विचारल्यावर सांगायला लागला. क्रीमचा असर पहिले दीड-दोन तास राहिला. मग उतरला आणि उतरला तो एकदमच, राजमुद्रेची खालची ओळ काढताना त्याच्या डोळ्यांतून पाणी. तेव्हा टॅटूवाल्यानं, नाव नको, उघड्या, रक्ताळलेल्या कातडीवर कसलातरी स्प्रे मारला. दोन-तीन वेळा. त्या रात्री पोराला गरगरत होतं, ते त्यानं उपाशीपोटी बसल्यावर ढकललं. चांगली कातडी म्हणजे दार लावलेलं घर, सुईनं टोचून टोचून ते दार उघडल्यावर औषध सरळ रक्तात. हे त्याला मी सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. संभाजीनगरचाच दुसरा एक टॅटूवाला तर क्रीम लावलेलं गिऱ्हाईक घेतच नाही म्हणे, कातडी फुगते, रबरासारखी होते, रेघ सरळ येत नाही. त्याचं मला पटलं. शिवाय गणपतीत रक्तदान शिबिरात भाच्याला परत पाठवलं, टॅटू काढून बारा महिने व्हायचे होते म्हणून. पठ्ठ्या रुसून घरी आला होता.

तिसरी खेप मे महिन्यात, बियाण्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी. या वेळी मी शहाण्या मुलासारखा वागलो. घरून काही लावून गेलो नाही, दवाखान्यातच गेलो. आधी मॅडमनी प्रश्न विचारले, जे पहिल्या खेपेलाही विचारले होते आणि मी "नाही, नाही" म्हणत उडवले होते. हृदयाच्या ठोक्याची गोळी चालू आहे का? सल्फाची, डॅप्सोनची गोळी? घरात कुणाला जी-सिक्स-पीडी, म्हणजे रक्ताच्या लाल पेशींना जपणारं एन्झाइम, कमी असल्याचं सांगितलंय का? भुलेच्या इंजेक्शननं कधी पुरळ उठलंय? अशांना ही क्रीम विचारूनच द्यावी लागते, तान्ह्या लेकरांना तर फारच जपून.

मग सिस्टरनी गोंदणावरचे केस काढले, पेनानं भोवती चौकोन आखला आणि त्या चौकोनातच क्रीम ठेवली. लावली नाही, ठेवली. चोळायची नाही. पुरणपोळीवर तूप घालताना आजी जसा लोंदा ठेवायची, तसा जाड थर. वर पारदर्शक चिकटपट्टी. पट्टीवर पेनानं वेळ लिहिली, ११:१०. एसी चालू होता, घाम नाही, पट्टी निसटली नाही. मग नुसतं बसून राहायचं. एक तासात औषध तीन मिलिमीटर खोल उतरतं, दोन तासांत पाच. मॅडमनी सव्वा तास बसवलं. मी तेवढ्यात दोन फोनवर बियाण्याचे भाव सांगितले.

पट्टी काढली तर कातडी फिकट, भाकरीच्या कच्च्या पिठासारखी पांढुरकी. मी परत घाबरणार तोच सिस्टर म्हणाल्या, "दादा, ते तसंच होतं, रक्ताच्या नळ्या आखडतात." पुसलं, कोरडं केलं, चष्मा, चट-चट-चट. आणि या वेळी? लागलं. खोटं बोलणार नाही. पण कुणी शेजारच्या माणसाला मारावं आणि आपण आवाज ऐकावा, तसं. बदामाचा उरलेला काठ, बाण, पूर्ण 'एस', सगळं एका दमात. बादली जागेवर राहिली. शेवटच्या पाच-सहा फटक्यांना काठावर थोडं जास्त लागलं, तिथं थर पातळ पडला असणार.

एक सूचना मात्र मला कुणी दिली नव्हती ती मी देतो. हात तास-दीड तास नंतरही बधिर असतो. परत येताना मी रिंग रोडला रसवंतीवर थांबलो आणि मोटारसायकलच्या तापलेल्या टाकीवर तोच हात टेकवून उभा राहिलो. कळलंच नाही. घरी आल्यावर लाल चट्टा दिसला. बधिर भाग लहान लेकरासारखा सांभाळायचा.

बायकोचं प्रकरण छोटं आणि चांगलं आहे. तिच्या मानेवर चार-पाच चामखिळी होत्या, मंगळसूत्रात अडकून दुखायच्या. माझा लेझरचा खर्च बघून ती म्हणाली, "तुमचा 'एस' जायलाय तर माझ्या चामखिळींनी काय घोडं मारलंय?" तिच्यासाठी तीच क्रीम, तशीच मोजून. मानेची कातडी पातळ, तिथं लवकर उतरते, पाऊण तासच ठेवली. मशीननं जाळून काढल्या. तिचं म्हणणं, मुंगी चावली एवढंच, आणि वास मात्र वाईट येतो. चेहऱ्याजवळ लावताना डोळ्यात जाऊ द्यायची नाही, एवढं मॅडमनी दोनदा बजावलं. डोळा बधिर झाला तर कचरा गेलेला कळत नाही आणि बुबुळाला ओरखडा पडतो.

माझी आजी गेली त्याला सात वर्षं झाली. तिच्या दोन्ही हातांवर तुळशी, हनुवटीवर ठिपके, कपाळावर चंद्रकोर. सगळं आठ-नऊ वर्षांची असताना गोंदून घेतलेलं. मी लहानपणी विचारलं होतं, दुखलं नाही का गं? म्हणाली, "दुखायलं की. चौघीजणी धरून बसल्या हुत्या. दुखल्याबिगर का गोंदण बसतंय व्हय?" तिला हे सगळं सांगितलं असतं, सव्वा तास, पट्टी, वेळ लिहिलेली, तर ती आधी पैसे किती पडले ते विचारून मग हसली असती.

तर मार्क. चिठ्ठीची २.५ अधिक २.५ वाली क्रीम, मोजून, झाकून, तासाच्या वर वेळ देऊन, दवाखान्यात: पाचापैकी साडेचार. अर्धा काठावर लागलं म्हणून कापला. हीच क्रीम बोरोलीनसारखी चोळून: एक, आणि तोही क्रीमचा दोष नाही. लांब चालणाऱ्या टॅटूसाठी माझ्या मते तीन, कारण दोन तासांनी ती साथ सोडते आणि तेव्हा परत लावायची नसते. सोनेरी ट्यूबला मार्क नाहीत. उरलेली ट्यूब मी भाच्याच्या देखत कात्रीनं कापून फेकली. तो म्हणाला, "मामा, साडेसातशेची होती." मी म्हणालो, तुझ्या मामाची ईसीजी त्याच्यापेक्षा महाग पडली.

हात आता असा दिसतो: बाण गेला, बदाम कळेल न कळेल इतका राहिला. जत्रेतलं कच्चं काम आणि नुसती काळी शाई असली की लवकर जातं म्हणे. 'एस'चा वरचा अर्धा पार पुसला, खालचा वाकडा तुकडा तेवढा शिल्लक आहे. पोरगी परवा निरखून बघून म्हणाली, "पप्पा, सोयाबीनला गोगलगाय लागली." २०२२ साली शंखी गोगलगायींनी आमच्याकडं उगवतं सोयाबीन रात्रीतून खाल्लं होतं, ते तिनं दुकानात बसून ऐकलेलं. चौथी खेप पेरण्या उरकल्यावर. छोटी ट्यूब आणून ठेवलीय, दुकानात नाही, घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पोरीचा हात पोचणार नाही अशी मागं. वर वेळ लिहायला पेन पण ठेवलाय.